नोंदवहीतला ताप

पुष्कळ वर्षं झाली, पण प्रसूतिगृहाच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या त्या दोघींचं, आजीचं आणि दिवस भरत आलेल्या नातीचं, बोलणं अजून कानात आहे.

"आजी, भिंतीवरचा तक्ता बघ. बाळंतपणात दगावणाऱ्या बायकांचा आकडा कमी होत आलाय."

"जुना आकडा खोटा आहे. माझी आई त्यात नाही."

"तुला गं काय माहीत?"

"मला जन्म देऊन तिसऱ्या दिवशी गेली. नोंदवहीत कारण लिहिलंय ताप. बाळंतपणाचं कारकुनानं विचारलंच नाही."

"पण तुला तर वाचता येत नाही!"

"म्हणून तर तुझ्या आईला शाळेत घातलं. चौथीत गेल्यावर तिला कचेरीत नेलं आणि ती वही वाचून घेतली."

"अगं बाई!"

"आणि तू नर्सचा कोर्स सोडायला निघालीस? खरं कारण लिहिणार कोण?"

"परीक्षेच्या वेळी बाळ जेमतेम दोन महिन्यांचं असेल गं."

"मी त्याला घेऊन बाहेर बसेन."

"रडलं तर?"

"रडू दे. त्याची आई आत पेपर लिहीत असेल, कुठे गेलेली नसेल."