पाठ फिरवण्याची रीत

नाव ईनॉक टिबिट्स, वय ४९ वर्षे, धंदा मोटार कारखान्यात सुट्या भागांची पारख, शिक्षण गावच्या चॅपलच्या शाळेत, राहणार चॅपलमागची गल्ली, कॉव्हेंट्री. कोणी बोलावले नसता स्वतः ठाण्यावर हजर होऊन सांगतो की,

आज मंगळवारी सकाळी मी कामावर गेलो नाही. रोजच्यासारखा उठलो, चहा केला, प्रार्थना केली. उत्तर मिळाले असे म्हणवत नाही. मग फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेला तुटका दांडा कोटाखाली घेऊन रूबेन ॲस्कीच्या घरी गेलो. रूबेन आमच्या कारखान्यात फिटर आहे. चॅपलमध्ये आम्ही एकाच बाकावर बसतो. माझी बायको वारली तेव्हा शवपेटीची पुढची बाजू त्याने खांद्यावर घेतली होती.

हा दांडा मिसेस कॉर्बिसन यांच्या मोटारीचा आहे. ती मोटार मेरिडनच्या उतारावर वळणात उलटली आणि बाई जागीच गेल्या. त्यांचा चालक वॉल्टर गॉडसल याला भरधाव हाकल्याबद्दल आपण अटक केली आहे. 'मी चाक फिरवलं, गाडी वळलीच नाही' असे तो सांगतो आणि त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, असे गावात ऐकले. चालकाने हातातले चाक फिरवले की पुढची चाके ज्याच्या ओढीने वळतात, तो हा वीतभर, एका टोकाशी वाकवलेला पोलादी दांडा. तो तुटला तर चालकाच्या हाती काही राहत नाही.

आमच्याकडे असा दांडा घडवल्यावर फिटर तो कानशीने सगळीकडून घासतो आणि आरशासारखा करतो. हे दिखाव्यासाठी नसते, तो भाग कोणाला दिसतही नाही. पोलादावर ओरखडा राहिला तर तिथून चीर जाते, म्हणून. शेवटी फिटर आपल्या नावाचा ठसा मारतो. मग दांडा माझ्याकडे येतो. मी तो घासलेटात बुडवून ठेवतो, कोरडा पुसतो, वर खडूची पूड लावतो आणि वाट पाहतो. चीर असेल तर आत शिरलेले घासलेट बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. चांगला निघालेला दांडा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन फडताळात जातो. नापास दांडा धूत नाहीत. तो ज्याने केला त्यानेच त्याच दिवशी दाराजवळच्या ऐरणीवर घणाने मोडायचा, अशी रीत आहे. तो मोडत असताना बाकीचे सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. माणसाने स्वतःच्या हातची वस्तू मोडताना त्याचा चेहरा पाहू नये, म्हणून. ही रीत कोणी लावली ते माहीत नाही. मला ती नेहमी चांगली वाटत आली.

गेल्या वसंतात रूबेनच्या एका दांड्यावर वाकाजवळ रेघ उमटली. नखाच्या कापाएवढी होती. तो म्हणाला, "काय रे ईनॉक, तुझ्या खडूला माझंच वावडं आहे का?" मी म्हटले, "खडू माणूस बघत नाही, रूबेन." मागून कोणीतरी बोलले, "ह्या ईनॉकला स्वर्गाच्या दारात बसवला ना, तर आत चिटपाखरू दिसायचं नाही." सगळे हसले. रूबेनही हसला. त्याचे आधीचेही काही दांडे त्या हंगामात नापास झाले होते. मुकादम जॉब क्लिथरो त्याला म्हणाला होता, "म्हाताऱ्या, पुढच्या खेपेला कानस काढून घेईन आणि झाडू देईन हातात."

संध्याकाळी क्लिथरोने आरोळी दिली, "चला रे, तोंडं भिंतीकडे! बारसं नाहीये, मयत आहे." आम्ही सगळे वळलो. घण पडला. तुकडा फरशीवर वाजला. मीही भिंतीकडे पाहत होतो.

अपघातानंतर मोडलेली मोटार कारखान्यात आणली. पुढचा भाग सोडवण्याचे काम मला दिले. दांडा वाकाजवळ दुभंगलेला होता. तुटलेली जागा बहुतेक चकचकीत, ताजी होती. फक्त एका कडेला नखाच्या कापाएवढा भाग जुना, काळा होता आणि त्याच्या तोंडाशी पांढरी रेघ होती. मी ती नखाने खरवडली. खडू होता. धुतलेल्या दांड्यात खडू राहत नाही. ठसा रूबेनचा होता. क्लिथरो म्हणाला, "दगडावर आपटलं की पोलाद तुटतंच, टिबिट्स. त्यात बघायचं काय? टाक भंगारात." मी टाकला नाही.

आज सकाळी रूबेन परसात कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी फडके उघडून त्याच्या हातात दिले. त्याने ठशावरून अंगठा फिरवला.

"माझाच आहे."

"खडू दिसतोय का, बघ."

"मला नाही दिसत. तुला दिसतोय म्हणजे असेल."

मी विचारले, "मग त्या दिवशी मोडलंस काय?"

"ऐरणीखाली एक जुना तुकडा पडला होता. घण त्याच्यावर घातला." मग तो म्हणाला, "घरी नेऊन ती जागा दाबून दाबून घोटली. बोट फिरवलं, काही लागेना. मला वाटलं, मिटली. मग नेऊन फडताळात ठेवला. बघायला होतं कोण? तुम्ही सगळे मला मान देत उभे होता."

मी तुकडे त्याच्या हातून घेऊन परत फडक्यात गुंडाळले. कोंबड्या पायात येत होत्या.

"त्या चालक पोराला बायको आहे का रे?" त्याने विचारले.

"आहे."

"रविवारपर्यंत थांबशील? सुगीची प्रार्थना आहे. एकदा गाऊन घेतो सगळ्यांबरोबर."

मी म्हटले, "तो आत आहे, रूबेन."

तो हात धुवायला घरात गेला. बायकोशी काय बोलला ते मी ऐकले नाही. बाहेर आला तेव्हा अंगात रविवारचा कोट होता. आम्ही ठाण्याकडे निघालो. रस्ता ओलांडताना त्याने माझी बाही धरली होती.

दांडा कारखान्याच्या मालकीचा आहे आणि मी तो न विचारता आणला आहे. त्याबद्दल जे होईल ते मान्य आहे. दोन्ही तुकडे मी आपल्या टेबलावर ठेवले आहेत. ते मला परत नकोत, आणि कारखान्यात कोणी मागितले तरी गॉडसलचा निकाल लागेपर्यंत देऊ नयेत.

हा जबाब मी सांगितला तसा लिहिला आहे. सार्जंटसाहेबांनी 'दांडा आढळला' असे लिहिले होते, तिथे 'आणला' असे करून घेतले. मी स्वतः वाचला, बरोबर आहे, म्हणून खाली सही करतो.

रूबेन बाहेर बाकावर बसला आहे. त्याला आत बोलवावे. आता त्याला अक्षर दिसत नाही, त्याचा जबाब त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.

ईनॉक टिबिट्स