हेडरचे बोल्ट कुणी आवळले

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे प्राचार्य काकासाहेब औताडे. व्यासपीठावरील सर्व मान्यवर. सत्कारमूर्ती पुंजाराम मामा. खुलताबादहून सकाळच्या एसटीनं आलेल्या त्यांच्या सौभाग्यवती सारजाबाई. आणि जेवणाच्या वासानं मागच्या दाराकडं डोळे लावून बसलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो,

सूत्रसंचालन करणाऱ्या मोनिकानं आत्ताच माझी ओळख करून दिली, "ज्यांच्या पद्धतीमुळं आपल्या रेसच्या गाडीचे बोल्ट पुन्हा कधी सैल झाले नाहीत, ते डॉ. हेमचंद्र सर." टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या मला परत करायच्या आहेत, म्हणून जेवणाआधी तुमची थोडी जास्त मिनिटं घेतो.

ज्यांचा इंजिनशी संबंध चावी फिरवण्यापुरताच आहे, त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातला धूर ज्या नळ्यांतून बाहेर पडतो, त्यांच्या जुडग्याला हेडर म्हणतात. तो आठ बोल्टांवर इंजिनला घट्ट बसलेला असतो. म्हणजे असायला हवा. आमच्या मुलांनी बांधलेल्या गाडीत दर चाचणीला ते बोल्ट सैल व्हायचे आणि गाडी फटफट करत मैदानातच बसायची. शेवटी प्राचार्यांनी बजावलं, दसऱ्याच्या चाचणीत वीस फेऱ्या झाल्या नाहीत, तर हा उपक्रम बंद. सव्वीस पोरांची वर्षभराची मेहनत पणाला लागली.

मग मी, पीएच.डी. झालेला माणूस, बाह्या सरसावून उतरलो. बोल्ट चिकटून राहावेत म्हणून रसायन लावलं. ते तापून जळून गेलं. स्प्रिंगचे वॉशर घातले. उष्णतेनं त्यांचा ताणच गेला. मग चिडून इतकं आवळलं, की एक बोल्ट आतल्या आत तुटला. तो तुकडा काढायला वर्कशॉप सांभाळणाऱ्या या मामांना अख्खा दिवस लागला. रागावले का? छे! एवढंच म्हणाले, "सर, तापलं की फुगतं, गार झालं की आकसतं. मधली गॅस्केटची पातळ पट्टी दबती. इंजिन एकदा चांगलं तापू द्या, पार गार होऊ द्या, अन् मंग परत आवळा. मधून सुरू करून कडंला जायचं. लई जोर नाय लावायचा. अन् पाइपाला खालून आधार द्या, सगळं वजन बोल्टानीच का धरायचं?"

आधार दिला. खंडेनवमीला सकाळी बोल्ट आवळून इंजिन तापवलं. दुपारी मामांनीच बोल्ट आवळायचे सगळे पाने ओळीनं मांडले, हळदकुंकू, झेंडूची फुलं वाहिली. आता पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे इथं कुणाला सांगायला नको. संध्याकाळी इंजिन गार, आणि पाने पूजेत! चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला. मी म्हणालो, "राहू द्या मामा, सकाळीच तर आवळलेत." खरं सांगू? वर्गात सगळ्याला पुरावा मागणारा मी, देवाला घाबरलो होतो.

मामांनी हात जोडले आणि पाना उचलला.

"अहो, पूजेतला आहे तो!"

"व्हय सर. पण ह्याची पूजा कामासाठीच केली ना? देवाला इचारलंय मी."

आठपैकी पाच बोल्ट पाव-पाव फेरा फिरले. म्हणजे ते सैल पडलेच होते. माझं ऐकलं असतं, तर सकाळी गाडी पुन्हा बसली असती.

दसऱ्याला गाडी बावीस फेऱ्या धावली. प्राचार्यांनी शाल माझ्या खांद्यावर घातली. मामा मागं उभं राहून टाळ्या वाजवत होते. एका वाक्याचं काम होतं, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. पुढं वर्कशॉपच्या भिंतीवर 'हेमचंद्र पद्धत' असा तक्ता लागला. दोन वर्षं मी त्याच्यासमोरून ये-जा केली, आणि लाज वाटूनही गप्प राहिलो.

गेल्या आठवड्यात मामांना विचारलं, "तुम्ही कधी बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "पोरांची गाडी पळाली ना सर? मंग आजून काय पायजे?"

मामा, तुम्हाला नको असेल, मला पाहिजे आहे. आज सकाळी तो तक्ता मी काढला. नवीन लावलाय, त्यावर 'पुंजाराम पद्धत' असं लिहिलंय. सारजाबाई, जेवण झालं की तुम्ही तो बघूनच जायचं.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं. जे दोन वर्षं बोललो नाही, त्याची माफी मात्र मी एकट्या पुंजाराम मामांकडं मागतो.