तलावाकाठचे पत्रे

अरे, आमच्या शोभामावशीनं काय केलं ते ऐका. अमरावतीत आमच्या तलावाकाठची सरकारी वाट एका बिल्डरनं पत्रे लावून अडवली होती. इमारत अर्धी टाकून तो गेला, पत्रे अन् त्याचा चौकीदार तसेच राह्यले.

फुलं विकून घरी जाता जाता मावशीनं चौकीदाराले विचारलं, "काहून रे भाऊ, आत हाये तरी काय?"

"काही नाही. खांब हायेत, मंग तलाव."

"बिल्डर कवा आला होता?"

"तीन वर्सं झाले."

"मंग तू तलाव कोनापासून राखून राह्यला? आमच्यापासून?"

चौकीदार उठला. मंग पाना आणून त्यानं दोन पत्रे काढले. मावशी पाण्यात पाय सोडून बसली.

आज सकाळी आमी फिरायले गेलो, तं तो कोणी न सांगता तिसरा पत्रा काढून राह्यला होता.