चूल आपली, भाकरी त्याच्या

मारेगावात लशीची रांग लागली होती. सुईच्या धाकानं हळूच सटकायच्या बेतात असलेले सुखदेवराव पुढच्या अनोळखी नवरा-बायकोचं बोलणं ऐकून थबकले.

"कापूस वेचाचा राह्यला अन् तू मले सुई टोचाले आनलं!"

"पोरीनं सांगतलं ना, थो विषाणू बोंडअळीवानी पेशीत घुसते. तिथं बसून आपल्यासारखेच हजार बनवते. चूल आपली, पीठ आपलं, भाकरी त्याच्या!"

"मंग आंगातले शिपाई झोपले राह्यते काय?"

"थो पयले घंटीची वायरच कापते. शिपायाले खबरच जात नाही."

"अन् सुई काय करते?"

"शिपायाले चोराचा फोटो आधीच दाखवते."

"मंग तू घे सुई. घरी गेल्यावर मले फोटो दाखवजो."

"अहो काकाजी, तुमीच सांगा याइले! तुमी घेऊन राह्यले ना?"

"हो तं!" सुखदेवराव बोलून गेले.

"मंग या, पुढं व्हा!"

बाईनं त्यांना थेट नर्सपुढं बसवलं. सुखदेवरावांनी बाही वर केली.

"पाहा, काकाजी कसे हासत घेऊन राह्यले!"

"हासत कायचे? डोये गच्च मिटले त्याइनं."

"चूप बसा. आता तुमचा नंबर."