पाटावरची तीन काडतुसं

आमच्या घरी खंडेनवमीला एक वेगळीच पद्धत आहे बघ. हत्यारं पाटावर मांडायची आणि कुंकू लावायच्या आधी ज्याचं त्याने सांगायचं, वर्षभरात या हत्याराने काय केलं. बाबांचं हिंदमाता मार्केटात टेलरिंगचं दुकान, म्हणून त्यांची कात्री असते. यंदा ताईची पोलिसात निवड झाली, तर तिने शूटिंग क्लबमधली तीन रिकामी काडतुसं आणून ठेवली.

मी नुसत्या आकड्यावरून शहाणपणा केला. "ही बत्तीसची गोळी सगळ्यात मोठी ना?"

"नाही रे. इंचाचे शंभर भाग कर, त्यातले बत्तीस. म्हणजे जेमतेम आठ मिलिमीटर. ही नऊ एमएम त्याहून जाड. आणि ही बावीसची, पेन्सिलीपेक्षा बारीक."

आईने नेमकी बावीसचीच उचलली. "एवढ्याशा गोळीने माणूस मरतो?"

"मरतो," ताई म्हणाली.

आईचं बोट कुंकवातच थांबलं. बाबांनी "ब्लाउज शिवले" म्हणून कधीच उरकलं होतं. पाळी ताईची होती.

"कागदाला भोकं पाडली, आई. बाकी काही नाही."

आईने तिन्ही काडतुसांना कुंकू लावलं, मग ताईच्या कपाळाला. म्हणाली, "नोकरीवर जा, बाय. पण दर खंडेनवमीला मला हेच सांग."