भिकनभाऊंच्या अकरा कोनशिला

सभेचे अध्यक्ष माननीय कौतिकशेठ, व्यासपीठावरील नगरपालिकेचे सन्माननीय सभासद, ज्यांना आज आपण भोपाळच्या विधानसभेसाठी निरोप देतो आहोत ते आपले नवे आमदार नंदकुमार, आणि समोर दाटीवाटीने बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी वामन मास्तर. नंदकुमारांना मी चौथीत शिकवले, म्हणून हा मान. माझ्या हाती दिलेल्या चिठ्ठीत लिहिले आहे, 'थोरल्या बंधूंच्या आठवणी, पाच मिनिटे.' पाचाची सात झाली तर अध्यक्षमहाराजांनी सांभाळून घ्यावे.

नंदकुमारांचे थोरले बंधू भिकनभाऊ, त्यांना कोण विसरेल? बहादरपूरचा केळी पिकवणारा माणूस, पण आपली राजधानी नागपूर होती तेव्हा तिथल्या विधानसभेत बोलायला उभा राहिला की मंत्री कागद चाळायचे थांबत. तीन वर्षांपूर्वी, तापीकाठची आपली गावे मराठी राज्यात जावीत म्हणून राज्य पुनर्रचना आयोगापुढे निवेदन द्यायचे ठरले. भाऊ सह्या गोळा करत पायी देडतलाईपर्यंत गेले. वाटेतल्या गावांना शाळा, दवाखाने, दोन पूल कबूल केले. नुसते कबूल केले नाहीत, लोधीपुऱ्यातल्या सुपडू पाथरवटाकडून अकरा कोनशिला कोरून घेतल्या आणि आपल्या हातांनी बसवल्या. मंजुरी एकाही कामाला नव्हती. आपण काय केले? हार घातले. देडतलाईच्या कोनशिलेवर आता बाया धुणे धुतात. हसा, त्या वेळी मीही हसलो होतो.

नंदकुमार, बसा ना. तुमचे भाषण माझ्यानंतरच आहे.

तर त्या दिवसांत भाऊंच्या पत्नी, सरुवहिनी, माझ्या घरी आल्या. म्हणाल्या, "मास्तर, चार दिवस झाले, हे झोपले नाहीत. डाक्टर म्हणतो, आजच इस्पितळात न्या. तुमचं ऐकतील ते." मी भाऊंकडे गेलो. ते एकाच वेळी दोघांना मजकूर सांगत होते. मला म्हणाले, "मास्तर, एवढं काम पडलंय अन् तुम्ही झोपायच्या गोष्टी करता?" त्यांचे डोळे पाहून मला भीती वाटली. खरे सांगतो, वाटली. पण आयोगापुढची साक्ष आठवड्यावर आली होती आणि भाऊंसारखे बोलणारा दुसरा कोण होता आपल्याकडे? मी वहिनींना सांगितले, "आठ दिवस थांबा. साक्ष होऊन जाऊ द्या."

साक्ष झाली. भाऊ तीन तास बोलले, आपण त्यांना स्टेशनापासून मिरवत आणले. मग ते गप्प झाले. दोन महिने दाराआड बसून होते. आपण म्हणालो, मान मिळाला आणि माणूस शिष्ट झाला. पुढे एके दिवशी तापीवर गेले ते परत आले नाहीत. 'पाय घसरून अपघाती निधन' हे जे छापून आले, ते मी लिहून दिले होते. आज या सभेत सांगतो, भाऊंचा पाय घसरला नव्हता. ते आजारी होते, आणि ते मला ठाऊक होते.

निरोपाच्या सभेत हे कशाला, असे अध्यक्ष मला खुणेने विचारताहेत. सांगतो.

परवा मी लोधीपुऱ्यातून जात होतो. सुपडूने हाक मारली, "मास्तर, काम जोरात हाये! नंदूभाऊंनी चौदा पत्थर सांगितले, चार दिवसांत पाहिजेत म्हणे." आज सकाळी सरुवहिनी पुन्हा माझ्या दारात उभ्या होत्या. या वेळी त्या काही मागायला आल्या नव्हत्या. एवढेच म्हणाल्या, "नंदूभाऊजी पाच दिवसांपासून झोपले नाहीत. तुम्हाला माहीत असावं."

मला माहीत आहे, वहिनी.

म्हणून संध्याकाळच्या गाडीने नंदकुमार भोपाळला जाणार नाहीत. विधानसभा त्यांच्यावाचून महिनाभर चालेल. खंडव्याचे डॉक्टर शेजारच्या खोलीत येऊन बसले आहेत, मीच बोलावले त्यांना. नंदू, हातातले कागद खाली ठेव, बाळा. मला हव्या तेवढ्या शिव्या दे. रमेश, तू दाराशी जा. अंगाला हात लावू नकोस त्यांच्या, नुसता उभा राहा.

अध्यक्षांचे आणि संयोजकांचे मी आभार मानतो. बोलण्यात उणेअधिक झाले असेल, आणि ते झालेच आहे, तर या म्हाताऱ्याचे ते पोटात घाला. आता पहिल्या रांगेतल्यांनी जरा बाजूला व्हावे. नंदकुमार व्यासपीठावरून उतरून दाराकडे निघाले आहेत, मला त्यांच्यापर्यंत पोचू द्या.