नावडता गेम

डॉक्टरांचा पत्ता नव्हता. दाताच्या दवाखान्यात शाळेतल्या बाई सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. मागच्या बाकावर गेमच्या जाहिराती करणारे दोघं बोलत होते, एक मुरलेला, एक नवशिका.

"सर, गेमवर 'फक्त अठरा वर्षांवरील' असा शिक्का बसला. शाळकरी मुलं हातची गेली."

"वेडा आहेस. तो शिक्का पोस्टरवर मोठा कर. पोरं हटकून येतात."

"दुकानदार देणार नाही."

"मोठा भाऊ आणून देईल."

"आणि पालकांचा मोर्चा?"

"तो तर पथ्यावरच पडला. शाळेच्या फाटकापाशी गेमचा डबा पायाखाली चिरडणाऱ्या त्या बाई आठवतात?"

"काय चिडल्या होत्या!"

"तोच व्हिडिओ जाहिरातीत घेतलाय. खाली एकच ओळ, 'तुझ्या बाईंना हा गेम आवडत नाही.' पोरांच्या नुसत्या उड्या पडताहेत."

"बाईंना कळलं तर?"

"कळू दे की! आणखी चिडतील. दुसरी जाहिरात फुकटात."

बाईंनी गालावरचा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढला. तेवढ्यात फोन वाजला. मोर्चातली एक आई होती.

"बाई, उद्या पुन्हा फाटकापाशी जमतोय. तुम्हीच बोलायचं हं, सगळ्या तुमच्याच भरवशावर आहेत."

"दाढ दुखतेय हो," बाई हळूच म्हणाल्या. "उद्या मला बोलता यायचं नाही."